कपातीच्या यादीत नाव कोणत्या नियमाने येतं

बोइंगमध्ये कपात जाहीर झाली की बाहेर एक आकडा फिरतो. आत त्या आकड्याचे अर्थ वेगवेगळे लागतात, कारण कोण राहणार आणि कोण जाणार हे सगळ्यांसाठी एकाच नियमाने ठरत नाही. शेजारी-शेजारी काम करणारे दोघं एकाच बातमीवर इतके वेगळे का वागतात, याचं उत्तर बहुतेकदा त्यांच्या करारात सापडतं.

११ ऑक्टोबर २०२४ ला सीईओ केली ऑर्टबर्ग यांनी १० टक्के, म्हणजे सुमारे १७,००० नोकऱ्या कमी करणार असं कर्मचाऱ्यांना कळवलं. तेव्हा सिएटल पट्ट्यातले जवळपास ३३,००० मशिनिस्ट, म्हणजे विमानं जोडणारे कामगार, १३ सप्टेंबरपासून संपावर होते. त्याच पत्रात नव्या ७७७एक्स विमानाची पहिली डिलिव्हरी २०२६ वर ढकलली होती आणि ७६७ मालवाहू विमान २०२७ मध्ये बंद करण्याचं जाहीर केलं होतं. संपकऱ्यांपैकी अनेकांना यात दबाव दिसला. तो चालला नाही. बारा दिवसांनी ३५ टक्के पगारवाढीचा प्रस्ताव मतदानाला आला आणि ६४ टक्क्यांनी फेटाळला गेला. जानेवारी २०१४ च्या मतदानात गेलेली पेन्शन हे त्या रागाचं मूळ होतं. शेवटी ४ नोव्हेंबरला ३८ टक्क्यांवर तडजोड झाली. पेन्शन परत मिळाली नाहीच.

इतका निर्धास्तपणा कुठून आला? मशिनिस्टांच्या युनियनच्या करारात कपात सेवाज्येष्ठतेने होते आणि काम वाढलं की परत बोलावण्याचा हक्क असतो. पंधरा वर्षं झालेला मेकॅनिक म्हणूनच बातमी वाचून पुन्हा कामाला लागतो. झोप उडते ती नुकत्याच लागलेल्या पोराची. (कपातीत गेलात तर पत्ता आणि फोन नोंदवहीत अद्ययावत ठेवा. परत बोलावल्याचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं की हक्क कागदावरच राहतो.)

इंजिनिअर आणि तंत्रज्ञांची युनियन म्हणजे स्पिया. तिथे ज्येष्ठतेपेक्षा रिटेन्शन रेटिंगला, म्हणजे कोणाला आधी ठेवायचं या श्रेणीला, वजन. एकाच प्रकारचं कौशल्य असलेल्यांची एकमेकांशी तुलना करून मॅनेजर मंडळी हे रेटिंग देतात. त्यामुळे कपातीची कुणकुण लागली की इथे पहिला प्रश्न असतो: माझा स्किल कोड, म्हणजे कौशल्याचा गट, कोणता? दोन वर्षांपूर्वी स्ट्रेस अ‍ॅनालिसिसमधून दुसऱ्या कामावर गेलात आणि कोड जुनाच राहिला, तर तुमची तुलना अशा लोकांशी होते ज्यांचं काम तुम्ही आता करतच नाही. ही दुरुस्ती शांततेच्या काळात करून घ्यायची असते, यादी बनायला लागली की कोणी ऐकत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पियाच्या ४३८ सदस्यांना नोटिसा मिळाल्या: २१८ इंजिनिअर-शास्त्रज्ञ, २२० तंत्रज्ञ. कंत्राटी लोक यात मोजले जात नाहीत. त्यांचा बॅज बंद होतो, तीच नोटीस.

कायम कर्मचाऱ्यांना मोठ्या कपातीत ६० दिवस आधी सूचना द्यावी लागते, हा अमेरिकेचा वॉर्न कायदा. नोव्हेंबरमध्ये पत्र मिळालेले बहुतेक जण म्हणून जानेवारीच्या मध्यापर्यंत पगारावर होते. या दिवसांत हात थरथरत असताना सह्या करायच्या नाहीत. सेव्हरन्स, म्हणजे नोकरी गेल्यावर मिळणारी रक्कम, साधारण एका वर्षाच्या नोकरीला एक आठवड्याचा पगार असा होता, आणि अशा पैशाच्या बदल्यात बहुधा दावे सोडून दिल्याची सही मागतात. सामूहिक कपातीत चाळिशी पार केलेल्यांना तो कागद वाचायला कायद्याने ४५ दिवस आणि सही मागे घ्यायला ७ दिवस मिळतात. सोबत कोणत्या पदावरच्या, किती वयाच्या लोकांना काढलं आणि ठेवलं याची यादी द्यावी लागते. ती यादी बहुतेक जण उघडूनही पाहत नाहीत. उघडा.

४०१(के)चा, म्हणजे निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशांचा, चेक स्वतःच्या नावाने घेतला तर २० टक्के कर आधीच कापला जातो. थेट नव्या खात्यात वळवा. पगाराच्या स्लिपा, विम्याचे कागद घरी न्या. ड्रॉइंग किंवा स्पेसिफिकेशन मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नका. निर्यात नियंत्रणाचे नियम कपात झालेल्यालाही लागू असतात, आणि 'नमुना म्हणून ठेवलं होतं' ही सबब चालत नाही.

एच-१बी व्हिसावाल्यांची धडधड वेगळीच. नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला मिळणारे त्यांचे जास्तीत जास्त ६० दिवस नोटिशीपासून धरत नाहीत. साधारणपणे ज्या शेवटच्या दिवसाचा पगार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. म्हणजे नोटिशीच्या काळात पगार चालू असेल तर हातात जवळपास चार महिने. हे न कळल्याने घाबरून पहिली मिळेल ती नोकरी धरणारे असतात. सेव्हरन्सचे आठवडे मात्र यात धरू नका, तो पगार नव्हे. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील तर कंपनीने नंतर मागे घेतला तरी मंजुरी रद्द होत नाही आणि प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, टिकते. आणि जे वाचले, त्यांनाही झळ बसते: त्याच भागात त्याच प्रकारच्या कामातून लोक काढल्यावर सहा महिन्यांत पर्म (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा कामगार खात्याकडचा अर्ज) दाखल करायचं तर कंपनीला काढलेल्यांना आधी विचारावं लागतं. बऱ्याच कंपन्या त्यापेक्षा फाइलच थांबवतात.

आता राहिलेल्यांकडे येऊ. सुटकेचा निःश्वास फार टिकत नाही. तेवढंच काम कमी हातांवर येतं आणि विचारायला कोणी उरत नाही. मे २०२० मध्ये कंपनीने अमेरिकेत ६,७७० जणांना काढलं, पण ५,५२० जण स्वेच्छेने गेले. स्वेच्छेने कोण जातं? निवृत्तीजवळ आलेला, म्हणजे बहुधा सगळ्यात जास्त जाणणारा. अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग विमानाचा डोअर प्लग, म्हणजे दाराच्या जागी बसवलेलं झाकण, ५ जानेवारी २०२४ ला हवेत उडाला. बोइंगच्या रेंटन कारखान्यात खराब रिव्हेट दुरुस्त करायला तो उघडला होता, परत बसवताना चार बोल्ट लावलेच नाहीत, आणि उघडल्याची नोंदही नव्हती. दारांवर काम करणाऱ्या २४ जणांच्या टीममध्ये असा प्लग आधी काढलेला एकच माणूस होता आणि तो सुट्टीवर होता. हे कपातीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण अनुभव एकाच डोक्यात साठला की काय होतं, ते यातून दिसतं.

म्हणून जाणाऱ्याकडून 'नॉलेज ट्रान्सफर' घेताना मॅनेजरने दिलेला स्लाइडचा साचा भरून घेणं मला निरर्थक वाटतं. जाणारा चिडलेला असतो. आपल्याच जागेवरच्याला का शिकवू, हा त्याचा प्रश्न रास्तच आहे. तरी शिफ्टमधल्या मेकॅनिकने शेजारी उभं राहून विचारलं तर बहुतेक जण सांगतात. मग प्रक्रिया विचारू नका, ती लिहिलेली असते. कोणत्या जागी शिम (फट भरायची पातळ पट्टी) नेहमी ठरल्यापेक्षा जाड लागते, कोणत्या पुरवठादाराच्या भागाची भोकं सरकलेली येतात, कोणता रिजेक्शन टॅग (दोषाची नोंद) बंद करूनही परत उघडतो, आणि एखादी गोष्ट काढली तर अजून कशाकशाची नोंद करावी लागते, हे विचारा.