सव्विसावे नाव

मोठी फुटबॉल स्पर्धा तोंडावर आली की मी खणातून चौकटीची एक जुनी वही काढतो आणि ज्या संघांत जीव गुंतला आहे त्यांच्या याद्या, प्रशिक्षकाच्या आधी, म्हणजे तो कोणते खेळाडू नेईल त्यांची नावे, स्वतःच तयार करायला बसतो. हे काम पेन्सिलीनेच करायचे असते. शाईने नावे लिहिण्याइतका आत्मविश्वास मला आयुष्यात एकदाच, 2010 साली, वाटला होता आणि त्याची नाचक्की पुढे येणारच आहे. पहिली अठरा-एकोणीस नावे पाच मिनिटांत लिहून होतात, कारण ती कोणीही सांगू शकेल. त्यानंतर पेन्सिल दातांखाली जाते आणि पुढचे तीन आठवडे तिथेच राहते.

पूर्वी निदान हिशेब सोपा होता. 2002 पासून 2018 पर्यंत विश्वचषकासाठी तेवीस खेळाडू नेता येत असत, आणि त्या तेवीसची फोड शाळकरी पोरालाही करता आली असती: गोलरक्षक सोडून मैदानावर दहा जागा, प्रत्येक जागेला दोन माणसे म्हणजे वीस, वर तीन गोलरक्षक. 2022 मध्ये मर्यादा सव्वीसवर गेली. तीन जागा वाढल्या म्हणजे अंदाज सोपा झाला असेल असे मला वाटले होते, पण झाले उलटेच. तेवीसमधल्या प्रत्येक माणसाच्या असण्याला काही ना काही कारण तरी होते. या तीन वाढीव जागांना कारणच नाही, आणि जिथे कारण नाही तिथे तर्क चालवायचा कशावर? प्रशिक्षक तिथे उद्याचे पोर नेईल, कालचा कर्णधार नेईल किंवा सगळ्यांना हसवत ठेवणारा एखादा भला गृहस्थ नेईल. मर्यादा म्हणजे सक्ती नव्हे हेही काही जणांच्या लक्षात असते. 2021 मध्ये खेळल्या गेलेल्या युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या, स्पर्धेसाठी सव्वीस जणांची मुभा असताना स्पेनचे प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी चोवीसच नावे जाहीर केली, त्यांत सर्जिओ रामोस नव्हता आणि रेआल माद्रिद या तिथल्या बलाढ्य क्लबचा तर एकही खेळाडू नव्हता. माझ्या यादीतली शेवटची दोन नावे त्या दिवशी चुकली असेही म्हणता येईना, कारण ती ज्या जागांवर बसली होती त्या जागाच अस्तित्वात नव्हत्या.

माझी ही वही दादा उलटीकडून वाचतो. त्याचा एकच आक्षेप आहे आणि तो गेली कित्येक वर्षे मला ऐकवतो आहे: "तू संघ निवडतोस. तुला संघ निवडायला कोणी सांगितले आहे? तो माणूस कोणाला निवडेल ते लिही." या दोन वाक्यांतला फरक मला कळतो, पण पाळता येत नाही. अंदाज लिहिता लिहिता मी केव्हा शिफारस लिहायला लागतो ते माझे मलाच समजत नाही. ज्याचा डावा पाय मला आवडतो तो दुखापतीतून बरा होऊन चारच सामने खेळलेला असला तरी माझ्या यादीत असतो, आणि ज्याची मला उगीचच चीड आहे असा एखादा कष्टाळू मधल्या फळीतला खेळाडू, जो गेली तीन वर्षे न चुकता संघात आहे, तो माझ्या हातून हमखास राहून जातो.

आता 2010. त्या वर्षी इंटर मिलानने इटलीतली लीग, तिथला चषक आणि युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदे जिंकली, आणि त्या संघाच्या कण्यात हाविएर झानेत्ती आणि एस्तेबान काम्बियासो हे दोन अर्जेंटिनी होते. हंगाम संपायच्या आतच मी त्यांची नावे शाईने लिहून मोकळा झालो होतो. दिएगो मॅराडोना यांनी अर्जेंटिनाची यादी जाहीर केली तेव्हा तिच्यात ते दोघेही नव्हते. मार्टिन पालेर्मो मात्र होता, वय वर्षे छत्तीस. मी संतापलो. दादा शांतपणे म्हणाला, "पेरूविरुद्धचा सामना आठव."

तो सामना आठवल्यावर मला माझीच लाज वाटली, कारण सगळा पुरावा डोळ्यांसमोर घडला होता. ऑक्टोबर 2009, ब्यूनोस आयर्स, कोसळता पाऊस. विश्वचषकाला पात्र ठरण्याची अर्जेंटिनाची आशा जवळजवळ संपत आलेली. पेरूने अगदी शेवटी बरोबरी साधली आणि भरपाईच्या वेळेत, पावसाच्या पडद्याआडून, पालेर्मोने गोल केला. मॅराडोना बाजूरेषेवरून धावत सुटले आणि भर पावसात ओल्या गवतावर पोटावर घसरत गेले. ज्या माणसासाठी प्रशिक्षक चिखलात लोळला त्याला आठ महिन्यांनी तोच प्रशिक्षक घरी ठेवेल, असे मी कशाच्या आधारावर मानले होते? मी गोलांची, सामन्यांची, मिनिटांची कोष्टके करत बसलो होतो. पाहायला हवे होते ते ऋण. पालेर्मो दक्षिण आफ्रिकेत ग्रीसविरुद्ध बदली म्हणून आला आणि त्याने तिथेही गोल केला. पुढे उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीने अर्जेंटिनाला 4-0 असे धुतले, तेव्हा झानेत्ती आणि काम्बियासोच्या नावाने गळा काढायची संधी मला मिळाली आणि मी ती सोडली नाही. ते दोघे असते तर काय झाले असते हे मात्र मला तेव्हाही ठाऊक नव्हते आणि आजही नाही.

याच मॅराडोना यांना 1978 साली, सतरा वर्षांचे असताना, तेव्हाचे प्रशिक्षक सेझार मेनोत्ती यांनी अगदी शेवटच्या कापणीत संघातून वगळले होते. तो विश्वचषक मायदेशातच होता आणि अर्जेंटिनाने तो जिंकलाही. यादीतून गळण्याची चव घेतलेला माणूस यादी करायला बसला की तो मऊ होईल, असा माझा एक भाबडा समज होता. तसे काही होत नाही.

दादाचे म्हणणे असे की खेळाडूंचा अभ्यास करण्यापेक्षा प्रशिक्षकाच्या सवयी पाहाव्यात, आणि त्यासाठी तो युर्गेन क्लिन्समन यांचे उदाहरण देतो. 2006 मध्ये जर्मनीचे प्रशिक्षक असताना त्यांनी राष्ट्रीय संघाकडून एकही सामना न खेळलेल्या डेव्हिड ओडोन्कोरला घेतले, तेव्हा मी तर त्याचे नाव पहिल्यांदाच ऐकले होते. पोलंडविरुद्ध गोलशून्य बरोबरी होणार असे दिसत असताना बदली म्हणून आलेला हाच ओडोन्कोर उजवीकडून सुसाट गेला, त्याने चेंडू आत दिला आणि भरपाईच्या वेळेत ऑलिव्हर नॉयव्हिलने गोल केला. आठ वर्षांनी तेच क्लिन्समन अमेरिकेचे प्रशिक्षक होते. लँडन डोनोव्हन या तिथल्या लाडक्या खेळाडूला त्यांनी वगळले आणि ज्युलियन ग्रीन नावाच्या कोवळ्या पोराला ब्राझीलला नेले. अमेरिकेत आरडाओरडा झाला. दादाने मात्र म्हणे ग्रीनचे नाव आधीच लिहून ठेवले होते. तो कागद त्याने मला अजून दाखवलेला नाही. ग्रीनने बेल्जियमविरुद्ध जादा वेळेत, मैदानात येऊन काही क्षणच झाले असताना, गोल केला. अमेरिका तरीही 2-1 अशी हरली.

पण असा धक्का दरवेळी फळतो असे नाही. 2006 मध्येच इंग्लंडच्या स्वेन-योरान एरिक्सन यांनी चार आघाडीवीर निवडले आणि त्यांतला एक होता थिओ वॉलकॉट, सतरा वर्षांचा, प्रीमियर लीगचा एकही सामना न खेळलेला. उरलेल्या तिघांपैकी रूनीच्या पायाचे हाड मोडून थोडेच दिवस झाले होते. ओवेन स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला गुडघा धरून खाली बसला आणि त्याची स्पर्धा संपली. उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालविरुद्ध रूनीला लाल कार्ड मिळाले. एवढे सगळे होऊनही वॉलकॉटला एक मिनिटसुद्धा मैदानात उतरवले गेले नाही. मला एरिक्सन यांनी पोराला नेले याचे वाईट वाटत नाही, नेऊन त्याच्यावर विश्वास टाकला नाही याचे वाटते.

तिसऱ्या गोलरक्षकाविषयी मात्र मला विशेष ममता आहे. किमान तीन गोलरक्षक नेण्याचे बंधन असल्यामुळे त्याची जागा पक्की, आणि पहिल्या दोघांच्या मागे असल्यामुळे त्याचे न खेळणेही जवळजवळ तितकेच पक्के. त्याच्या निवडीवर कोणी वाद घालत नाही आणि मीसुद्धा ते नाव सगळ्यात शेवटी, पान संपल्यावर, मागच्या बाजूला लिहितो. 2014 मध्ये नेदरलँड्सच्या यादीत तेवीस क्रमांकाचा सदरा टिम क्रुलकडे होता. कोस्टारिकाविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना जादा वेळेतही गोलशून्य राहिला आणि शेवटच्या मिनिटाला प्रशिक्षक लुई व्हान गाल यांनी नियमित गोलरक्षक यास्पर सिलेसनला बाहेर काढून क्रुलला आत धाडले. सिलेसनला याची कल्पना दिलेली नव्हती. चिडून त्याने जाता जाता एका बाटलीला लाथ मारली. क्रुलने पेनल्टी शूटआउटमध्ये दोन फटके अडवले आणि नेदरलँड्स पुढे गेले. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात मिशेल व्होर्म हा उरलेला गोलरक्षकही अखेरच्या मिनिटांत उतरला, आणि एकाच विश्वचषकात तेवीसच्या तेवीस खेळाडू मैदानात आणणारा तो पहिला संघ ठरला.

यादी जाहीर झाली म्हणजे प्रकरण मिटले असेही नसते. त्याच 2014 मध्ये श्कोद्रान मुस्ताफीला जर्मनीने अंतिम तेवीसमधून वगळले होते. चार दिवसांनी सरावाच्या सामन्यात मार्को रॉइसचा घोटा दुखावला आणि आघाडीच्या त्या खेळाडूच्या जागी बचावपटू मुस्ताफीला बोलावणे गेले. महिन्याभरात तो विश्वविजेता होता. असा अंदाज वहीत लिहून दाखवणारा माणूस मला भेटला तर मी त्याला दूरूनच नमस्कार करीन.

जाहीर करण्याचा प्रसंग तसा रुक्ष असतो. प्रशिक्षक कोटाची बाही सारखी करतात, आधी गोलरक्षक, मग बचावपटू, असा क्रम लावतात, आणि बऱ्याचदा प्रत्येक गटातली नावे आडनावांच्या अक्षरक्रमाने येतात. या अक्षरक्रमाइतकी निष्ठुर गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. तुमचा माणूस वगळला गेला हे कोणी सांगत नाही. फक्त त्याच्या आधीचे आडनाव येते, मग त्याच्या नंतरचे येते, आणि प्रशिक्षक पुढच्या नावावर गेलेलेही असतात. मागच्या वेळी राइट बॅकच्या, म्हणजे उजव्या बाजूच्या बचावपटूच्या, जागेवर माझे असेच झाले. ते नाव मी तीन आठवड्यांत पाच वेळा लिहून पाच वेळा खोडले होते आणि आदल्या रात्री, दादाचे न ऐकता, सहाव्यांदा लिहिले होते. दादाचा फोन आला, तो म्हणाला, "खोडलेस का?" मी हो म्हणालो आणि मग खरोखरच खोडायला घेतले. त्या चौकटीत कागद आता इतका झिजला आहे की मागच्या बाजूला लिहिलेला तिसरा गोलरक्षक तिथून स्पष्ट दिसतो.