शुक्रवारचा बाजार आणि सर्वे क्रमांकाचा रकाना

गोव्यातील म्हापसा शहराचा मार्केटिंग आणि धोरणाचा आराखडा तयार करून तो मंजूर करून घेण्यात आमच्या समितीचे चौदा महिने गेले. त्यातले सात महिने निधीच्या प्रस्तावाच्या नमुन्यातल्या एका रकान्याने खाल्ले. त्याची चीड अजून पुरती गेलेली नाही, म्हणून हे लिहीत आहे. उद्या गोव्यातल्याच साखळी, केपे किंवा कुडचडे येथे कोणी असे काम हाती घेतले, तर निदान त्यांचे सात महिने वाचावेत.

समिती व्यापाऱ्यांची आणि नागरिकांची होती. मी वाणिज्य विषय शिकवून निवृत्त झालेली असल्यामुळे लेखनाचे काम माझ्याकडे आले. वाड्यावाड्यांतील बैठका, शहराच्या बलस्थानांची आणि उणिवांची मांडणी, पालिकेतील चर्चा हे सारे सुरळीत पार पडले. त्यातल्या एका निर्णयाचा मला आजही अभिमान वाटतो. पहिल्या मसुद्यात म्हापशाची ओळख ‘किनाऱ्यांचे प्रवेशद्वार’ अशी लिहिली होती, ती आम्ही काढून टाकली. कळंगुट किंवा हणजुणेला जाणारा प्रवासी थिवी स्थानकावर उतरला काय आणि मोपा विमानतळावर उतरला काय, म्हापशात तो थांबत नाही. २०११च्या जनगणनेत सुमारे ४०,००० वस्ती असलेल्या या शहरात बाहेरचा माणूस मुद्दाम येतो तो शुक्रवारी, बाजारासाठी. पेडण्याहून येतो, डिचोलीहून येतो, सीमेपलीकडच्या दोडामार्गाहूनही येतो. म्हणून आराखडा शुक्रवारभोवती उभा करायचे ठरले. घरच्या खरेदीला येणारे गिऱ्हाईक आणि पाहायला येणारा पर्यटक यांच्या गरजा वेगळ्या मांडल्या, त्या दिवसापुरती वाहनतळाची वेगळी आखणी केली, आणि पावसाळ्यापूर्वीच्या पुरुमेंताच्या, म्हणजे वर्षाच्या साठवणीच्या, खरेदीला म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रिस फेस्ताची जोड देऊन त्या हंगामाची जाहिरात सुचवली.

पहिल्या टप्प्याला निधी मिळावा म्हणून हा आराखडा एका सरकारी कार्यालयात सादर करायचा होता. त्याच्या नमुन्यात स्थळाचे नाव, सर्वे क्रमांक, क्षेत्रफळ आणि मालकी असे चार रकाने होते. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीस बांधलेल्या मार्केटला सर्वे क्रमांक आहे, पण शुक्रवारचा बाजार त्या भिंतींत मावत नाही. तो पहाटे रस्त्यांवर आणि दुकानांच्या पायऱ्यांपुढे मांडला जातो आणि संध्याकाळी उठतो. आम्ही रकान्यात ‘मार्केट व परिसर’ असे लिहिले. सहा आठवड्यांनी प्रस्ताव ‘स्थळ निश्चित नाही’ या शेऱ्यासह परत आला. मग फक्त मार्केटचा सर्वे क्रमांक घातला, तर वर्णन आणि क्षेत्रफळ जुळत नाही म्हणून परत. तिसऱ्या वेळी रस्त्यांची नावे लिहिली, तेव्हा प्रत्येक रस्त्याच्या मालकीचा दाखला आणि ना हरकत पत्र मागण्यात आले.

या काळात मी त्या कार्यालयात किती वेळा गेले, ते मोजायचे मी सोडून दिले. म्हापशाहून सकाळची बस, आवक विभागापुढची रांग, खिडकीजवळचे एक पाय हलणारे बाकडे आणि मग ठरलेले उत्तर: साहेब साइटवर आहेत, मंगळवारी या. मंगळवारी गेले की फाइल दुसऱ्या टेबलावर गेलेली असे. कोणी उद्धटपणे बोलले नाही, हे मुद्दाम नमूद करते. राग याचा येत होता की, ज्या बाजारामुळे शहराला नाव आहे, त्याला ‘स्थळ’ म्हणायला कोणी तयार नव्हते, आणि त्याऐवजी एखादी बाग किंवा पुतळा दाखवा, असा सल्ला मात्र दोनदा मिळाला.

वाट दाखवली ती शेजारच्या टेबलावर नकाशे काढणाऱ्या एका तरुण मुलीने. “मॅडम, जागा सांगत बसू नका, रांगा काढून दाखवा,” असे ती म्हणाली. रकान्यात ‘परिशिष्ट पाहावे’ असे लिहून शुक्रवारच्या विक्रेत्यांच्या रांगांचा वेळेसह नकाशा जोडायचा, एवढेच तिचे म्हणणे होते.

मी लागोपाठ तीन शुक्रवार पहाटे साडेपाचला बाजारात उभी राहिले. पहिल्या गाड्यांतून उतरलेल्या बायका गोणपाट अंथरून गावठी भाजीच्या जुड्या लावत होत्या. मयडे गावची जाड केळी एका कडेला, सुकी मासळी वाऱ्याच्या दिशेने शेवटी, चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या मसालेदार सॉसेजच्या, माळा दोरीला टांगलेल्या, आणि सोलांच्या (आमसुलांच्या) व मिठाच्या राशी एकमेकींना लागून. लिंबे मांडत असलेल्या एका आजींना मी विचारले की, ही जागा तुमचीच कशावरून. त्यांनी हात न थांबवता शेजारणीकडे बोट केले: हिच्या डाव्या हाताला मी, माझ्या आधी माझी सासू. आखणी होती, ती कागदावर नव्हती, एवढेच. मी प्रत्येक रांग, तिचा माल, ती बसण्याची आणि उठण्याची वेळ वहीत उतरवून घेतली. समितीतल्या एका ड्राफ्ट्समनने त्याचा स्वच्छ नकाशा केला. चौथ्यांदा दिलेला प्रस्ताव तीन आठवड्यांत पुढे गेला. तसे पत्र हातात पडले तेव्हा मी कदंब बसस्थानकावर बराच वेळ नुसती बसून राहिले.

असे काम करणाऱ्यांनी घोषवाक्य आणि बोधचिन्ह शेवटी करावे. आमचे दोन महिने त्यात उगाच गेले. निधीचा नमुना मात्र पहिल्याच दिवशी मागवून घ्यावा, कारण तो आधी पाहिला असता तर नकाशा सुरुवातीलाच झाला असता. प्रत्येक कागदाची शिक्क्यासह पोच घ्यावी. तोंडी कळलेली त्रुटी लेखी मागावी, आणि ती मिळत नसेल तर २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मी हा अर्ज फार उशिरा केला.

आणखी एक राहिले. नकाशा शुक्रवार पाहूनच करावा, पण एका हंगामावर विसंबू नये. आमचा नकाशा जानेवारीतला आहे. मे महिन्यात मिरच्या आणि सुकी मासळी यांच्या रांगा लांबतात, म्हणून परिशिष्टाची दुसरी प्रत आम्ही आता पुरुमेंताच्या दिवसांत करणार आहोत.