तुम्ही विचारलंत म्हणून: अराइज आणि इमर्ज एकच ना?

मी सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी लेखन शिकवते, आणि दर बॅचला कुणीतरी विचारतंच, की मॅडम अराइज, इमर्ज, ओरिजिनेट, फॉर्म, सगळ्यांचा अर्थ 'निर्माण होणे'च आहे ना, मग कुठलाही टाकला तर चालेल ना? दोन बॅचच्या मधल्या पाच मिनिटांत याचं उत्तर नीट होत नाही, म्हणून आज जरा बैजवार लिहितेय.

नाही चालत. आणि का चालत नाही हे तुम्हाला आधीपासून माहितीये, फक्त इंग्रजी लिहायला बसलं की आपण ते बाजूला ठेवतो. मला सांगा, वारा निर्माण झाला असं कुणी म्हणतं का? वारा सुटतो. वादळ उठतं, अंगावर पुरळही उठतं. पालवी फुटते, झरा फुटतो, प्रश्न पडतो, रस्त्यात खड्डा पडतो, शंका येते, दही लागतं, दुधावर साय धरते. नव्हतं ते झालं, घटना एवढीच, पण प्रत्येकीला आपलं आपलं क्रियापद, आणि चार वर्षांचं पोरही त्यात चुकत नाही. मग शाळेत 'निर्माण होणे' आणि 'उत्पन्न होणे' भेटतात, सगळं त्या दोन डब्यांत जातं, आणि इंग्रजीत येताना त्याचं क्रिएट होतं. 'डाउट इज क्रिएटेड इन माय माइंड' हे वाक्य मी इतक्या वह्यांमध्ये खोडलंय! क्रिएटच्या मागे कुणीतरी करणारा किंवा काहीतरी घडवून आणणारं लागतं. शंका तर आपोआप येते.

म्हणून मी मुलांना सांगते, समानार्थी शब्दांची यादी उघडायच्या आधी एकच बघा, ही गोष्ट दिसायच्या आधी कुठे होती?

इमर्ज घ्या. लॅटिनमध्ये मर्गेरे म्हणजे बुडणं, बुडवणं, सबमर्जमध्ये तेच आहे, आणि इमर्ज म्हणजे बुडालेलं वर येणं. भीमेवरच्या उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं पळसदेवचं जुनं देऊळ तुमच्यातल्या इंदापूरकरांनी पाहिलं असेल, उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी शिखर दिसायला लागतं आणि पाणी फारच खाली गेलं तर अख्खं देऊळ उघडं पडतं. ते इमर्ज. देऊळ नवीन झालं नाही, होतंच, फक्त वर पाणी होतं. पेपरात 'न्यू डिटेल्स हॅव इमर्ज्ड' येतं तेव्हा तेच, माहिती आधीपासून होती, आता बाहेर आली.

त्याच भीमा नदीचं उगमस्थान भीमाशंकर, तिथे मात्र ओरिजिनेट. हा शब्द ज्या लॅटिन धातूवरून आलाय त्याचा अर्थ उगवणं, आणि ओरिएंट म्हणजे पूर्व दिशा हा शब्दही त्याच धातूचा. आपण पूर्वेला उगवत म्हणतोच की, आणि आपल्या पश्चिमेचा मावळ, त्याचं नावही सूर्य मावळण्यावरून आलं असं मानतात! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटले होते. तर ओरिजिनेट म्हटलं की सुरुवातीची जागा किंवा वेळ हवी, कुठून, केव्हापासून.

अराइजला मराठीत जवळजवळ जुळा भाऊ आहे, उद्भवणे. उत् म्हणजे वर, भू म्हणजे होणं. अडचण उद्भवते, वाद उद्भवतो, गरज उद्भवते, म्हणजे परिस्थितीतून काहीतरी वर येतं, आणि ते बहुतेक वेळा हाताला लागणारं नसतं. खड्डा उद्भवला म्हणून बघा, कानालाच खटकतं ना, मग 'पॉटहोल्स अरोझ' पण खटकायला हवं. फॉर्म मात्र हाताला लागणाऱ्या गोष्टींनाही चालतो, साय, ढग, बर्फ, तिकिटाची रांग. काहीतरी जमतं आणि त्याला आकार येतो. क्रॉप अप हे बोलण्यातलं, अचानक समोर येणाऱ्या अडचणींसाठी, आणि ते खाणकामातून आलंय, जमिनीखालचा खडक वर डोकावतो तसं. वेताळ टेकडीवर चालताना मातीतून मध्येच काळा कातळ वर आलेला दिसतो ना, अगदी तेच.

आता व्याकरणाची चूक, जिच्यावर सगळ्यात जास्त मार्क जातात. 'अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड', 'प्रॉब्लेम वॉज अरिझन'. 'झाला' दिसलं की हात आपोआप वॉज लिहितो. इथेही मराठीच वाचवते, कारण आपल्याकडे जोड्या आहेत, फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे, लागणे-लावणे. पालवी फुटते, ती कुणी फोडत नाही. हॅपन, अराइज, इमर्ज, अपिअर, ऑकर ही सगळी फुटणे-पडणेच्या घरातली, त्यांना कर्मणी प्रयोग होतच नाही. राइज आणि रेझ ही तर सरळ उठणे-उठवणेची जोडी. गोंधळ होतो तो फॉर्म आणि डेव्हलपमुळे, कारण ती दोन्ही घरांत राहतात, 'क्लाउड्स फॉर्म' पण बरोबर आणि 'क्लाउड्स आर फॉर्म्ड' पण बरोबर.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीने गावच्या शाळेच्या इमारतीवर रिपोर्ट लिहिला, आणि एका जागी मोकळी ओळ सोडून पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं, 'भिंतीला तडे गेले'. मला म्हणाली, मॅडम, गेलेचं वेंट होणार नाही हे कळतंय, पण क्रिएटेड पण लिहवत नाहीये, भिंत काय कुणी फोडली नाही. मी अपिअर्ड सांगितलं, ते बरोबरच होतं. मग ती थोडा वेळ थांबून म्हणाली, पण तडा आतून जातो ना, दिसतो नंतर? मी तिला डेव्हलप दिलं, ज्यात भिंतच कर्ता होते, 'द वॉल डेव्हलप्ड क्रॅक्स', अंगात ताप भरावा तसं भिंतीतच ते हळूहळू होत गेलं. तिने पेन्सिलीची ओळ न खोडता त्याच्याखाली पेनाने ते वाक्य लिहिलं.