रुपयाएवढी भाकरी

आमच्या फ्रिजच्या दारातल्या लोण्याच्या कप्प्यात मागच्या एप्रिलपासून लोणी नाहीये. तिथं पॉलिमर क्ले आहे, छोट्या छोट्या शोभेच्या वस्तू करायची. पांढरी, पिवळी, हिरवी, मातकट अशी चार-पाच पाकिटं, रबर लावून. एकदा रात्री नवऱ्यानं अंधारात पिवळं पाकीट चीज समजून काढलं होतं, दातापर्यंत गेलं नाही एवढंच नशीब.

लातुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42 वर गेला की ही क्ले टेबलावर ठेवलेल्या आइस्क्रीमसारखी वागायला लागते. बोट लावलं की बोटालाच चिकटते, आकार म्हणून धरत नाही. मग दहा मिनिटं फ्रिजमध्ये, पाच मिनिटं हातात, पुन्हा फ्रिजमध्ये. थंडीत बरोबर उलटं, डिसेंबरात तीच क्ले खडूसारखी तुटते आणि मी ती पाकिटासकट ब्लाऊजमध्ये खोचून स्वयंपाक करते म्हणजे वरण शिजेपर्यंत ती मऊ होते. हसू नका, लै जणी करतात.

सुरुवात लेकीच्या वाढदिवसाला आलेल्या या क्लेच्या किटपासून झाली. तिनं दोन दिवस डोनट केले आणि सोडून दिलं, मी अडकले. इंटरनेटवर बघावं तर सगळीकडं डोनट, कपकेक, पिझ्झाचा तुकडा, फार तर मसाला डोसा. आपल्या घरात डोनट कोण खातंय? म्हटलं आपण भाकरी करू. सोपी असेल, गोल तर आहे.

तर सांगते, भाकरी सगळ्यात अवघड आहे.

आधी थोडं या क्लेबद्दल. नावात क्ले असली तरी ती मुळात माती नव्हे. ते असतं पीव्हीसी, म्हणजे आपल्या बोअरच्या पाइपाचं भावंड, त्यात ते मऊ राहावं म्हणून प्लास्टिसायझर घातलेलं. म्हणून ती हवेवर वाळत नाही, महिनाभर उघडी राहिली तरी धुळीनं मळेल पण कडक होणार नाही. कडक करायला भाजावीच लागते, पाकिटावर कंपनीप्रमाणं 110 ते 130 डिग्री लिहिलेलं असतं. आणि कच्ची क्ले प्लास्टिकवर ठेवायची नाही. मी लेकीच्या पारदर्शक स्केलवर रात्रभर ठेवली, सकाळी स्केल चिकट आणि त्यावरचे सेंटीमीटर गायब. तेव्हापासून बाथरूमची उरलेली एक फरशी हाच माझा पोळपाट.

फिमो हा या क्लेचा जुना ब्रँड, जर्मनीचा. केटे क्रूझे नावाच्या बाई तिकडं बाहुल्या बनवायच्या, त्यांच्या मुलीला घरी फिफी म्हणायचे, तिनं बाहुल्यांच्या कामातून हे मटेरियल धरून ठेवलं आणि 1964 साली ते एबरहार्ड फाबर कंपनीला दिलं. फिमोतला फि तो फिफीचा. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, म्हणजे आईच्या घरात पसारा करणारी मुलगी हीच याची सुरुवात.

लहानपणी आम्ही पोळ्याला काळ्या मातीचे बैल करायचो, त्याची सवय हाताला होती असं मला वाटत होतं. पण ती माती आणि ही एक नव्हेच. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तर उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि म्हणूनच आमच्या बैलांची शिंगं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गळून पडलेली असायची. वशिंड तेवढं टिकायचं. आजोबा शिंगाच्या जागी ज्वारीच्या धाटाचे तुकडे खोचून द्यायचे. या क्लेत पाणीच नसतं, त्यामुळं ती आकसत नाही, जसं केलं तसंच्या तसं राहतं, चूकसुद्धा. बोटाचा ठसा उमटला तर तो ठसाही भाजून कायमचा.

तर भाकरी. बाहुलीघराचं माप असतं एकास बारा. म्हणजे नऊ इंचाची भाकरी पाऊण इंचाची करायची, साधारण रुपयाएवढी. मी पांढऱ्यात चिमूटभर मातकट आणि बारीकसा काळा मिसळून ज्वारीचा रंग काढला, गोळी केली, अंगठ्यानं दाबली, जुना टूथब्रश टोचून पृष्ठभाग खरबरीत केला, सॉफ्ट पेस्टल खडू ब्लेडनं खरवडून त्याची तपकिरी पूड ब्रशनं डाग डाग लावली. छान दिसत होती. सासूबाईंना नेऊन दाखवली.

त्यांनी चष्मा लावला. हातावर घेतली, उलटी केली, परत सुलटी केली.

"बिस्किट हाय का?"

"भाकरीये आई."

"भाकरीये? मग हिची वरची बाजू कोणती अन खालची कोणती? पापुद्रा कुठाय? अन कडा अशी चाकूनं कापल्यावानी कामून?"

मी तेहतीस वर्षं भाकरी खातेय आणि चौदा वर्षं थापतेय. पण भाकरीच्या दोन बाजू सारख्या नसतात हे मला हाताला माहीत होतं, डोळ्याला नव्हतं. त्या रात्री मी तव्यावरची भाकरी मोबाइलवर फोटो काढून झूम करून बघितली. नवरा म्हणाला जेवायला वाढणारेस की एक्सरे काढणारेस. कडेला बारीक चिरा असतात, थापताना बोटांनी ओढल्या गेलेल्या. एका बाजूला फोड येऊन फुटलेले असतात आणि फोडाचा माथा तेवढा करपतो, दोन फोडांच्या मधली जागा पांढरी राहते. मी सगळीकडं सारखा तपकिरी लावला होता, म्हणून बिस्किट.

पुढच्या खेपेला कडा टाचणीनं फाडल्या, वरून क्लेचा एक पारदर्शक वाटेल एवढा पातळ पदर घातला आणि फक्त त्याचे उंचवटे रंगवले. ओटीजीत ठेवली, 130 वर लावलं. आता आमच्या ओटीजीचा आकडा म्हणजे लग्नपत्रिकेतला मुहूर्त, लिहिलेला एक आणि लागणारा वेगळा. आतला काटा कुठं गेला काय की, वास यायला लागला, धावत जाऊन बंद केलं, खिडक्या उघडल्या, लेकीला गॅलरीत पिटाळलं, कारण ही क्ले जळली की त्यातून अ‍ॅसिडचा वायू सुटतो, डोळे-घसा चुरचुरतो. सहाच्या सहा भाकरी करपल्या. डबीत टाकून दिल्या. मग आधी तीनशे-साडेतीनशेचं ओव्हन थर्मामीटर आणलं. खरं सांगू का, ते पहिल्या दिवशीच आणायला पाहिजे होतं, पण आपण ब्लेड आणतो, चकाकणारं वार्निश आणतो, थर्मामीटर आणत नाही. आणि भाजायचा ट्रे खाण्याच्या कामाला पुन्हा वापरायचा नाही, तो वेगळाच.

लाइट जायचं मात्र टेन्शन नाही. भाजता भाजता लाइट गेली तर आल्यावर पुन्हा भाजायचं, ही क्ले परत परत भाजली तरी तक्रार करत नाही. एवढी गुणी वस्तू आमच्या महावितरणच्या सप्लायला अगदी शोभते.

भाकरी जमल्यावर हाव सुटली. म्हटलं वेळ अमावस्येचं पानच करू. पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगावं लागतं म्हणून सांगते, मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या लातूर-धाराशिवकडं अख्खं शहर रानात जातं, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करतात, तिच्यात पूजा, आणि मग भज्जी, उंडे, आंबिल, खीर. त्या दिवशी दुपारी लातुरात रस्त्यावर क्रिकेट खेळता येतं. उंडे सोपे गेले, गोळ्याच तर. आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, ते पण झालं. भज्जीनं मात्र रडवलं. भज्जी म्हणजे हिरव्या तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, भाज्या, सगळं बेसन-ताकात शिजलेलं, आणि एकास बारानं तुरीचा दाणा होतो अर्धा मिलिमीटर! हिरव्या क्लेची शेवई करून ब्लेडनं दाणे पाडले, पंख्यानं निम्मे उडाले, पंखा बंद केला तर घाम दाण्यांवर. शेवटी दाणे जरा मोठेच केले आणि लिक्विड क्लेमध्ये पिवळा खडू मिसळून त्यात सोडले. सासूबाई म्हणाल्या, "तूर जून झाली." पण भज्जी म्हणून ओळखली, हे महत्त्वाचं.

या पानाचं फ्रिज मॅग्नेट करायचं ठरवलं, तर चुंबक लावताना पण एक वेडेपणा झाला. मी हुशारीनं चुंबक आतच दाबून भाजलं, दिसायला नको म्हणून. फ्रिजला लावलं तर पान हळूहळू खाली यायला लागलं, अगदी अस्सल लिफ्टसारखं, आणि फरशीवर जाऊन आंबिल सांडलं म्हणजे बिंदगंच तुटलं. नंतर कळलं की ही छोटी निओडायमियमची चुंबकं साधारण 80 डिग्रीच्या वर नेली की त्यांची ताकद जाते. क्लेला 130 लागतात, चुंबकाला 80 सोसत नाहीत, म्हणजे दोघांची एकत्र आंघोळ नाही. भाजून गार झाल्यावर अ‍ॅराल्डाइटनं चिकटवायचं. आणि घरात लहान लेकरू असेल तर ही चुंबकं उंचावर, दोन गिळली तर ती पोटात आतड्याला चिमटा घेऊन बसतात, यात मी गंमत करत नाही.

मधे एका मैत्रिणीनं विचारलं, लातूरचं म्हणून काय मॅग्नेट देशील? संभाजीनगरवाल्यांचं बरंय, मकबरा आहे, वेरूळचं कैलास आहे. आमचं काय करायचं, ट्यूशनची सॅक? विचार करून मी निळा ड्रम केला. दोनशे लिटरवाला, अंगठ्याएवढा, त्याला पाइप आणि वर उपडा जग. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं त्या वर्षी आमच्या जिन्यात असे चार उभे होते. भाकरीला कोण हसलं नाही, ड्रमला प्रत्येक लातूरकर हसतो आणि लगेच घेतो.

दिवाळीत आम्ही नवीन फ्रिज घेतला. काचेच्या दाराचा, मरून, फुलंवाला. घरी आल्यावर लक्षात आलं की काचेला मॅग्नेट चिकटत नाही. फ्रिज मॅग्नेट करणाऱ्या बाईच्या फ्रिजला मॅग्नेट लागत नाही, यावर नवरा अजून हसतोय. सगळी वरात गोदरेजच्या कपाटावर गेली.

मागच्या आठवड्यात ज्वारी आली, कोठी भरली. सासूबाईंना गिरणीच्या हिशोबाची चिठ्ठी लावायची होती, म्हणाल्या तुझ्यातलं एक चुंबक दे. मी कौतुकानं वेळ अमावस्येचं पान पुढं केलं. नको म्हणाल्या. चांगल्यातली भाकरी दिली, तीही नको. मग स्वतःच डबी उघडून खालपर्यंत हात घातला आणि पहिल्या खेपेतली करपलेली एक काढली.

"हिला चिटकव चुंबक. ही एवढीच चुलीवरची दिसती."

आता पत्र्याच्या कोठीवर ती आहे, खाली चिठ्ठी, दहा किलो, बारीक दळण.