डाव्या चाकामागचा कोपरा

जिप्सी आमच्या गॅरेजला आली ती जुलै 2023 मध्ये, भर पावसात. 1998 ची मारुती जिप्सी किंग, 1298 सीसीचं कार्बोरेटरवालं इंजिन, एमएच 09 म्हणजे कोल्हापूर पासिंग. मालक कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहेत, आम्ही त्यांना सर म्हणतो. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील ठेकेदारी करायचे आणि गगनबावड्याच्या पावसाचिखलात ती गाडी वर्षानुवर्षं राबली होती.

काम सांगायला साधं होतं. हिरवा रंग काढून पांढरा मारायचा. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीचं दर पाच वर्षांनी फेरपासिंग करावं लागतं. या गाडीची मुदत त्या महिन्यात संपत होती आणि आरसी बुकात रंग पांढरा होता. सरांनी लॉकडाऊनमध्ये घरी गाडी रंगवली होती, तीही मिलिटरी हिरव्या रंगात. आपल्याकडं लष्कराच्या जिप्स्या बघत मोठ्या झालेल्या प्रत्येकाला हाच रंग हवा असतो. पण 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. हा रंग विकणारा दुकानदार हे सांगत नाही, एजंट पासिंग तोंडावर आल्यावर सांगतो. पासिंगला बारा दिवस राहिले होते.

मी गाडीभोवती एक फेरी मारली आणि खरं सांगतो, बघतच राहिलो. एवढा सपाट रंग घरी होत नाही. बॉनेटवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब जवळजवळ सरळ दिसत होतं, संत्र्याच्या सालीसारखी खरखर नाही, कुठं ओघळ नाही. आमचे पेंटर चाचा तीस-पस्तीस वर्षं गन धरतात. त्यांनी बोटानं घासलं आणि म्हणाले, "पीयू हाय. घासा, सरफेसर मारा." पीयू म्हणजे हार्डनर घालून मारायचा पॉलियुरेथेन रंग, सरफेसर म्हणजे रंगाआधी पत्रा सपाट करणारा थर. मीही मान डोलावली. सरांना एका शब्दानं विचारलं नाही की काय मारलंय.

खरं तर थिनरचा बोळा लावून बघायला अर्धा मिनिट लागतं. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाच्या, थिनरमध्ये भिजवलेला कापूस दरवाज्याच्या आतल्या कडेला दाबून धरायचा. एनसी रंग असेल तर कापसावर उतरतो, सिंथेटिक इनॅमल, म्हणजे दारं-खिडक्यांना मारतात तो तेली रंग, असेल तर फुगतं, मऊ पडतं आणि पीयूला काही होत नाही. गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येक पोराला मी हे पहिल्या आठवड्यात शिकवतो. त्या दिवशी बोळा लावला नाही.

चाचांनी बॉनेटवर सरफेसर मारला. पाच-सात मिनिटांत मधोमध एक सुरकुती पडली, मग दुसरी. तापलेल्या दुधावर साय धरावी तसा अख्खा बॉनेट आक्रसला. खाली इनॅमल होतं. वरून मारलेल्या मालाचं जहाल थिनर इनॅमलमध्ये शिरतं, ते फुगवतं आणि पत्र्यावरनं उचलतं. त्यावर घासून पुन्हा मारणं हा उपाय नाही. सगळा रंग पत्र्यापर्यंत काढावा लागतो.

संध्याकाळी सरांना बोलावलं. ते आले ते पिशवीत एक दोनशे पानी वही घेऊन. वहीत आखलेले रकाने: तारीख, हवा, काम, माल, कोणी केलं. एप्रिल 2020 पासूनची प्रत्येक नोंद होती. इनॅमलमध्ये टर्पेंटाइन किती मिसळलं, फोमच्या रोलरनं कोणता कोट किती वाजता दिला, कोणता कोट दुसऱ्या दिवशी ओलसर राहिला. आठ पातळ कोट, दर दोन कोटांनंतर 600 नंबरच्या वॉटर पेपरनं पाणी घालून घासलेलं. "कोणी केलं" या रकान्यात सगळीकडं त्यांचीच सही. ही वही मी आदल्या दिवशी मागितली असती तर बॉनेट वाचला असता.

आणि तेव्हाच त्यांनी सहज सांगितलं, "मिस्त्री, 2019 ला मी तुमच्याकडंच आलो होतो. तुम्ही पंचावन्न हजार सांगितले. घरी करू का म्हटलं तर म्हणालात, करा की." मला आठवत नव्हतं. पण मी असंच म्हणालो असणार. दिवसाला चार माणसं नुसता दर विचारून जातात, आणि घरी करू का असं विचारणाऱ्याकडं आम्ही मान वर करूनही बघत नाही. त्या वेळी पाच मिनिटं देऊन रंग, प्रायमर, नियम एवढं सांगितलं असतं तर हा माणूस हिरव्या रंगाकडं गेलाच नसता. त्यांनी तक्रारीच्या सुरात काही म्हटलं नाही.

रंग काढायला रिमूव्हर आणि पत्ती, कडांना हातघास. या कामाचा मला कंटाळा कधीच येत नाही, कारण रंग घासत जाताना गाडी वाचता येते. एका जागी उतरती घासली की एकात एक वर्तुळं उमटतात. सगळ्यात वर हिरवा, खाली सरांचं रेड ऑक्साइड, त्याखाली जुना पांढरा एनसी, मग करडी पुट्टी, मग कंपनीचा पांढरा आणि शेवटी पत्रा. सरांनी पुट्टी जवळजवळ वापरलीच नव्हती, कुठं एखाद्या ठोक्यापुरती. म्हणजे पुट्टीचा थर वडिलांच्या काळातला.

डाव्या मागच्या चाकाच्या पाठीमागं खालचा कोपरा. तिथं चुंबक धरलं तर चिकटेना. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं वर वाजवलं तर ठण्, खाली वाजवलं तर थप्प. घासत गेलो. सेंटीमीटरभर पुट्टी. त्यामागं कोंबडीची जाळी. जाळीमागं फायबरच्या रेझिनमध्ये भिजलेला वर्तमानपत्राचा गोळा. मूळ पत्रा तिथं नव्हताच, नुसता तांबडा भुगा होता.

जिप्सीला हा आजार असतोच. मागचं चाक चिखल फेकतं तो त्या कोपऱ्यात आतून साठतो, कापडी टपातनं आलेलं पाणीही तिथंच उतरतं. ते जायला खाली निचऱ्याची भोकं असतात. ती भोकं कागदानं आणि पुट्टीनं बुजवली की कागद पाणी धरून ठेवतो आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. बाहेरून रंग चकाकत असतो.

जाळीची कड दोनदा आत दुमडलेली होती आणि तीन पॉप रिवेट त्रिकोणात मारलेले होते.

असे तीन रिवेट मारणारे एकच वस्ताद मला माहीत आहेत. मी 2003 ते 2006 त्यांच्याकडं शिकलो. हात कापू नये म्हणून जाळीची कड दुमडायची आणि जाळी फिरू नये म्हणून तीन ठिकाणी धरायची, ही त्यांची शिस्त. जाळीमागं कागद भरायचं काम आम्हा पोरांचं होतं. वर्तमानपत्र फाडायचं, रेझिनमध्ये बुडवायचं, बोटांनी कोंबायचं. मी तो गोळा उलगडायचा प्रयत्न केला. मधला एक तुकडा कोरडा राहिला होता. त्यावर गुळाच्या सौद्यांचे दर होते आणि वरच्या कोपऱ्यात वर्ष दिसत होतं, 2004. महिना फाटलेला होता.

तो गोळा मी भरला की माझ्या बरोबरीच्या दोघांपैकी कुणी, हे आता सांगता येणार नाही. ही पांढरी जिप्सी मला आठवत नाही, पण त्या वर्षांत आम्ही असे किती कोपरे भरले त्याचा हिशेब नाही. वस्ताद फसवे नव्हते. गिऱ्हाईक तीन हजारात करा म्हणायचं, तीन हजारात पत्रा कापून जोडता येत नाही, जाळी बसते. पण गिऱ्हाइकाला "आत जाळी आहे, दोन पावसाळे टिकेल" असं सांगताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. आम्हालाही कुणी सांगायला शिकवलं नाही. या धंद्यात रंगाची चकाकी बघून पैसे मिळतात, आतल्या कामाला कुणी बघत नाही, ही गोष्ट मला तेव्हाही टोचायची आणि आजही टोचते.

दुसऱ्या दिवशी गाडी जॅकवर घेतली तेव्हा सरांचंच एक काम समोर आलं. त्यांनी शॅकल, म्हणजे स्प्रिंगच्या पाट्याचं टोक गाडीला टांगणाऱ्या पट्ट्या, लांब केले होते. दहा एमएमची पट्टी, उद्यमनगरात लेथवर भोकं पाडून आणलेली, कडा कानशीनं गोल केलेल्या. मूळच्यापेक्षा चार इंच लांब. पाटा एकाच टोकाला शॅकलवर लटकतो, त्यामुळं शॅकल चार इंच वाढवला की गाडी दोनच इंच उठते. पण जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की पाटा नाक खाली घालतो, ॲक्सल फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे स्टेअरिंग आपोआप सरळ आणणारा चाकाचा कल, कमी होतो. मी विचारलं, "सर, ऐंशीला स्टेअरिंग भरकटतंय का? वळणावरनं आपोआप सरळ येत नाही ना?" ते गप्प झाले. वहीत तीच नोंद होती, पुढं प्रश्नचिन्ह.

त्याहून वाईट वेगळंच होतं. चाक लोंबकळतं सोडलं तेव्हा पुढच्या ब्रेकचा रबरी होज, म्हणजे ब्रेकचं ऑइल नेणारी नळी, तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला गेला. मूळ उंचीच्या मापाचाच होज होता. क्रिंपपाशी, म्हणजे धातूचं टोक दाबून बसवतात तिथं, बारीक गोल चिरा पडल्या होत्या. खड्ड्यातनं चाक खाली लोंबलं की प्रत्येक वेळी त्याला हिसका. घाटात उतरताना तो तुटला असता तर काय झालं असतं, हे मी त्यांना बोललो नाही. त्यांचं बोट त्या चिरांवर ठेवलं. त्यांनी हात मागं घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांची मुलगी रविवारी त्यांच्या शेजारी बसून आंबा घाटात जायची.

जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल गाडीत चालणार नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 तेच सांगतं. यावरनं गाडीवेड्या पोरांचे आणि माझे वाद होतात. मला तो कायदा थोडा जास्तच आखडता वाटतो. पण त्या होजवर हात ठेवल्यावर तो का आहे ते कळतं. मूळ शॅकल सरांनी तेलात भिजवलेल्या कापडात गुंडाळून माळ्यावर जपून ठेवले होते. ते परत बसवले, ब्रेकचे होज सगळे नवीन घातले.

कोपऱ्याचं काम मी स्वतः केलं. पोरगा म्हणाला, "मी मारतो की वेल्डिंग." त्याला बाजूला उभं केलं. सडलेलं कापत गेलो ते पांढऱ्याशुभ्र पत्र्यापर्यंत, अंदाजापेक्षा वीतभर वर. पुठ्ठ्याचा साचा काढला, 20 गेजचा पत्रा लाकडी गुंडीवर ठोकून वळवला. सीओटू वेल्डिंगनं एक टाका इथं, एक टाका समोर, मध्ये ओलं फडकं. सलग ओढत गेलं तर पत्रा तापून लाटा धरतो आणि मग त्या लाटा लपवायला परत पुट्टीच. सगळे टाके जुळायला दुपारचे चार वाजले. घासल्यावर जोड हाताला लागत नव्हता. आतून इपॉक्सी प्रायमर, जोडाला सीलर, अंडरबॉडी कोट, आणि निचऱ्याची दोन्ही भोकं मोकळी. मग मग्गानं आत पाणी ओतलं आणि ते खालून धार धरून बाहेर पडताना पोराला बघायला लावलं. पुट्टी लागली ती कागदाएवढी.

रंगाच्या दिवशी पाऊस थांबेना. आमच्याकडं बूथ नाही, प्लॅस्टिकचे पडदे आहेत. जमीन ओली करून धूळ बसवली, हॅलोजन लावून पत्रा कोमट केला आणि चाचांनी पीयूचे दोन कोट दिले. बॉनेट बिघडला त्या दिवसापासून ते कमी बोलत होते. त्या दिवशी त्यांनी जी गन चालवली ती बघायला आजूबाजूच्या गॅरेजमधली माणसं उभी राहिली. सरांनाही पडद्याबाहेर उभं केलं आणि बजावलं की पीयू घरी कधीच मारायचा नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ओल्या रुमालानं ते अडत नाही, दमा जडला तर जन्माचा. चाचा स्वतः मास्क गळ्यात ठेवतात, नाकावर नाही. त्यांचा खोकला मी रोज ऐकतो आणि रोज भांडतो.

पासिंग वेळेत झालं. हिशेब करताना कोपऱ्याचे पैसे लावले नव्हते. सरांनी विचारलं, हे कसं काय? मी म्हणालो, "बॉनेट आमच्या चुकीनं गेला. त्यात धरा." हे खरं होतं, पण कारण ते नव्हतं.

मग त्यांनी वही पुढं केली. म्हणाले, "कोपऱ्याची नोंद तुमच्या हातची पाहिजे." मी लिहिलं: 20 गेज पत्रा, सीओटू, इपॉक्सी, निचरा दोन भोकं. शेवटच्या रकान्यात सही केली. त्यांनी वरची ओळ रिकामी सोडायला सांगितली होती, जुन्या कामासाठी. मी तिथं लिहिलं: 2004, जाळी, कागद, पुट्टी. "बाबांनी कुठनं करून घेतलं होतं कुणास ठाऊक," असं ते म्हणाले तेव्हा पेन माझ्या हातातच होतं. "कोणी केलं" च्या रकान्यावर मी ते टेकवलं आणि उचललं.

दिवाळीत ते पॉलिशला आले. वही डॅशबोर्डवर होती. मी उघडून बघितली. तो रकाना तसाच आहे. गुळाच्या दरांचा तुकडा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.