तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा खोलीत सहा जण जेवायला बसतात कसे?

आमच्याकडे जेवून निघताना बहुतेक पाहुणे जेवणाच्या खोलीच्या दारात थांबतात, मागे वळून पाहतात आणि विचारतात की आठ फूट बाय नऊ फुटांच्या या खोलीत आपण सहा जण बसलो तरी कसे. दारात उभ्याउभ्या याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

पूर्वी याच खोलीच्या मधोमध सहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद असे आमचे जुने टेबल होते. त्याभोवती सहा खुर्च्या होत्या, आणि त्या आत सरकवलेल्या असताना खोली अगदी प्रशस्त दिसे. अडचण सुरू होई ती माणसे बसल्यावर. खोलीची रुंदी 96 इंच आणि टेबलाची 42 इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येकी 27 इंच उरत. तेवढ्यात माणूस कसाबसा बसे, पण खुर्चीची पाठ भिंतीला टेकल्यामुळे त्याला उठता येत नसे, आणि आत बसलेल्याला पाण्यासाठी जायचे झाले तर अख्ख्या रांगेला उठावे लागे. त्यामुळे आमच्या घरातली माणसे एकत्र जेवण्याऐवजी पाळीपाळीने जेवू लागली. मला ते फार लागले, आणि त्या दिवसांत हातात टेप घेऊन मी ही खोली पहिल्यांदा खऱ्या अर्थाने मोजली.

मोजताना कळले की खोलीत टेबल मावते का, हा प्रश्न दुय्यम आहे. बसलेल्या माणसाला उठता येते का आणि त्याच्या मागून दुसऱ्याला जाता येते का, हे आधी पाहायला हवे. खुर्ची मागे सरकवून उठण्यासाठी टेबलाच्या कडेपासून सुमारे 30 इंच लागतात, बसलेल्याच्या मागून अंग चोरून जायचे असेल तर 36, आणि हातात भांडे घेऊन मोकळेपणाने चालायचे असेल तर 44. लहान खोलीत हे 44 इंच टेबलाच्या चारही बाजूंना मिळणे शक्य नसते. म्हणून ते एकाच बाजूला पूर्णपणे द्यावेत आणि दुसऱ्या बाजूने ये-जा होणारच नाही हे मान्य करावे, असे मी ठरवले.

ज्या बाजूने ये-जा नाही तिथे खुर्च्यांचे कामही उरत नाही. तिथे भिंतीलगत बाक करून घ्यावा. आमचा बाक पाठीची गादी धरून 20 इंच खोल आहे आणि टेबलाची कड त्याच्यावर 4 इंच येते, त्यामुळे भिंत आणि टेबल यांच्यात फक्त 16 इंच खर्च होतात. कड अशी बाकावर आली नाही तर जेवणारा पुढे वाकून बसतो आणि पाठ भरून येते. बाक करवून घेणारे बहुतेक जण हीच गोष्ट विसरतात. बसण्याची उंची 18 इंच ठेवावी, पण ती गादीसकट आणि माणूस बसल्यावर दबणारा भाग वजा करून मोजावी. टेबलाची उंची साधारणपणे 30 इंच असते आणि मांड्यांसाठी मध्ये 10 ते 12 इंच मोकळे लागतात. टेबलाच्या फळीखाली रुंद आडवी पट्टी असेल तर ती हे अंतर खाऊन टाकते. बाकाच्या पोटात सामान ठेवायचे असेल, तर बसायची फळी उचलण्यापेक्षा समोरून उघडणारे खण बरे, कारण वर कोणी बसलेले असताना फळी उचलता येत नाही.

जुने टेबल देऊन आम्ही सहा फूट लांब, पण केवळ अडीच फूट रुंद टेबल करून घेतले. माणशी 24 इंच या हिशेबाने बाकावर तिघे आणि समोर तीन खुर्च्यांवर तिघे बसतात, आणि खुर्च्यांच्या बाजूला पूर्ण 50 इंच उरतात. रुंदी याहून कमी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समोरासमोर 11 इंचांची दोन ताटे मांडली की मध्ये जेमतेम 8 इंच राहतात, आणि वाढायची भांडी तेवढ्यात बसवावी लागतात. मोठी भांडी आम्ही शेजारच्या फळीवर ठेवतो. टेबलाला कोपऱ्यांत चार पाय नाहीत, आतल्या बाजूला दोन खांब आहेत, त्यामुळे बाकावर सरकत जाताना गुडघे आपटत नाहीत.

खोली चौरस असेल आणि माणसे चारच असतील, तर तीन फूट व्यासाचे गोल टेबल याहून चांगले. त्यात प्रत्येकाच्या वाट्याला 28 इंचांची कड येते. मात्र गोल टेबल भिंतीला लावता येत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

दाराचाही हिशेब मांडावा. आत उघडणारे 30 इंची दार जवळजवळ पाच चौरस फूट जमीन अडवते. आम्ही ते सरकते केले आणि तेवढी जागा विनासायास मिळाली.

टेबल भिंतीकडे सरकले की छताच्या मध्यावरचा दिवा चुकीच्या जागी राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्याला लागतो. त्यासाठी छत फोडण्याची गरज नाही. टेबलाच्या मध्यावर छताला एक हूक लावून लांब वायरीने दिवा तिथे ओढून घेता येतो. दिव्याची खालची कड टेबलापासून 30 ते 36 इंचांवर असावी, म्हणजे समोरच्याचा चेहरा झाकला जात नाही, आणि प्रकाश 2700 केल्विनच्या आसपासचा पिवळसर असावा.

लहान खोलीत मोठा आरसा लावा, असा सल्ला सगळेच देतात. तो मला पूर्णपणे पटत नाही, कारण जेवताना सतत स्वतःकडे पाहणे कोणालाही नको असते. लावायचाच तर त्याची खालची कड जमिनीपासून साडेचार फुटांच्या वर ठेवावी, म्हणजे बसलेल्याला त्यात फक्त उजेड दिसतो.

ज्यांना बाक करायचा आहे त्यांनी सुताराला बोलावण्याआधी जमिनीवर वर्तमानपत्रे चिकटवून टेबल आणि बाक खऱ्या मापाने आखावेत, बाकाच्या जागी कोणतेही बसण्यासारखे सामान ठेवावे आणि दोन-तीन दिवस घरच्यांना त्याभोवती वावरू द्यावे. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना बाकावर सरकत जाणे जमत नाही. त्यांच्यासाठी हातांची खुर्ची ठेवावी आणि तिचे हात टेबलाखाली जातात ना, हे आधीच मोजून घ्यावे. आमच्याकडे ती खुर्ची दाराजवळच्या टोकाला आहे, आणि वाढण्यासाठी वारंवार उठणारी व्यक्ती तिच्या शेजारी बसते.