तान्ह्या लेकीचं दुर्बिणीतून ऑपरेशन : माझा अनुभव

महिना होत आला तरी लेकीची कावीळ उतरेना. "कोवळ्या उन्हात धरा, जाईल," असं जो तो सांगत होता. खटकलं ते सासूबाईंना. लंगोट धुताना म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा बाळाच्या शूचे असे पिवळे डाग पडत नाहीत. आणि शी बघ, शाडूच्या मातीसारखी."

रक्त तपासलं तर डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त आतड्यात नीट उतरत नसलं की रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) वाढलेलं. ही कावीळ उन्हाने जाणारी नव्हेच. दोन आठवड्यांपुढे कावीळ टिकली तर डायरेक्टही तपासून घ्या, हे आता भेटेल त्या बाळंतिणीला सांगते.

आधी धास्ती होती बिलिअरी अट्रेझियाची. त्यात पित्तनलिका बंदच होत जाते आणि आतडं थेट यकृताला जोडण्याचं कासाई ऑपरेशन शक्यतो 60 दिवसांच्या आत व्हावं लागतं. एमआरसीपीत, म्हणजे पित्तमार्गाच्या एमआरआयमध्ये, निघाली कोलेडोकल सिस्ट, पित्तनलिकेचा फुगवटा. "ग्रहणात काही चिरलंस का?" हेही विचारून झालं लोकांचं! सर्जन मॅडमनी कागदावर काढून दाखवलं: अशा बऱ्याच बाळांत स्वादुपिंडाची आणि पित्ताची नळी आतड्याच्या भिंतीबाहेरच जुळते, मग पाचक रस उलटा पित्तनलिकेत शिरतो. मुलींमध्ये हे प्रमाण जास्त.

"भोकं छोटी म्हणून ऑपरेशन छोटं समजू नका," त्या म्हणाल्या. फुगलेली नळी पित्ताशयासकट काढायची, कारण ठेवली तर पुढे कॅन्सरचा धोका. मग लहान आतडं वर घेऊन यकृताकडून येणाऱ्या नळीला जोडायचं. सगळं 3 ते 5 मिलिमीटरच्या हत्यारांनी. संमतीपत्रातल्या 'गरज पडल्यास पोट उघडू' या ओळीपाशी नवऱ्याचं पेन थांबलं. "टाके नीट बसेनात तर मी दुर्बिणीचा हट्ट धरणार नाही," मॅडम म्हणाल्या. तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

रक्त नीट गोठावं म्हणून आधी व्हिटॅमिन के दिलं. ऑपरेशन दुर्बिणीतूनच पार पडलं. खरा छळ नंतरचा. नाकात नळी, पोटात ड्रेन (आतला स्राव बाहेर पिशवीत आणणारी नळी), दूध बंद. ती भुकेने कळवळायची आणि मी शेजारी पंपाने दूध काढत बसायचे. सिस्टर ड्रेनची पिशवी उजेडात धरून बघायच्या; हिरवं पित्त दिसलं तर जोड गळतोय. नाही गळला. पहिली पिवळी शी झाली तेव्हा सासूबाईंनी वॉर्डात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

आता सोनोग्राफी आणि लिव्हरच्या तपासण्या ठरलेल्या. साधा ताप आला तरी घरी क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, कारण पित्तमार्गात जंतुसंसर्ग होऊ शकतो. फाइल घेऊन थेट हॉस्पिटल.